रोजच्या वंशभेदावर मराठी विनोदी पॉडकास्ट कसा करावा : पहिल्या टिपणापासून पहिल्या भागापर्यंत

विमाननगरच्या रिक्षात, कलिन्याच्या भाजीबाजारात, सलूनमध्ये खुर्चीत रेलून बसलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून, ईशान्य भारतातून आलेल्या माणसाला महाराष्ट्रात एक प्रश्न रोज ऐकावा लागतो : ‘तुम्ही चायनाचे का?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. म्हणूनच त्याच्यापुढे भाषण देऊन उपयोग होत नाही. तो म्हणतो, ‘मी कुठे असा आहे?’ आणि ऐकणं सोडून देतो. विनोद मात्र त्याला बेसावध गाठतो. आधी हसू येतं, आणि मग हे वाक्य आपणही बोललोय हे ध्यानात येतं.

या विषयावर मराठीत विनोदी पॉडकास्ट करायचा असेल तर एक गोष्ट पहिल्या दिवशी पक्की करा. हसू प्रश्न विचारणाऱ्यावर आलं पाहिजे, ज्याला विचारला त्याच्यावर नाही. माइक, संकलन, कायदा हे सगळं त्यानंतर.

पायरी १ : आवाका ठरवा

वंशभेद म्हणजे फक्त गोरे आणि काळे असं धरून बसलात तर तिसऱ्या भागात विषय संपेल. संयुक्त राष्ट्रांचा १९६५चा वंशभेदविरोधी करार वंश, वर्ण, जन्मकूळ, राष्ट्रीय वा वांशिक मूळ एवढ्या सगळ्यांवरून होणारा भेद त्यात धरतो. भारताने १९६८ साली तो मान्य केला आहे. या चौकटीत आपल्या आसपासचं बरंच काही बसतं : नागालँडच्या मुलीला ‘चिंकी’ म्हणणं, नेपाळी वॉचमनचं नाव न विचारता त्याला जन्मभर ‘बहादूर’ म्हणणं, कोंढव्यात राहणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्याशेजारची लोकलमधली जागा रिकामी राहणं, सावळ्या मुलीला ‘नाकी-डोळी नीटस आहे हो’ अशी अर्धी शाबासकी मिळणं.

जातीचं काय, हा प्रश्न येणारच. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारत सरकारची भूमिका होती, आणि तिथे गेलेल्या दलित संघटना नेमकं उलट मांडत होत्या. माझं मत असं की जात टाळू नका, पण लिहिणाऱ्यांत दलित लेखक नसेल तर तो भाग करू नका. सल्लागार म्हणून शेवटी एकदा संहिता दाखवणं पुरेसं नाही. तो लेखक पहिल्या टिपणापासून टेबलावर हवा.

आपला विषय ‘रोजचा’ आहे, म्हणजे ज्याची पोलिसात नोंद होत नाही आणि पेपरात बातमी येत नाही. तरीही पेपरातल्या बातम्या माहीत हव्यात. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात झाली होती ती त्याच्या केसांवरून केलेल्या चेष्टेतून. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि वांशिक शेरेबाजीसाठी फौजदारी कायद्यात वेगळी कलमं सुचवली. ऑगस्ट २०१२मध्ये अफवांनी घाबरलेली ईशान्येची हजारो माणसं बंगळुरूबरोबर आपल्या पुण्यातूनही गाड्या भरभरून गुवाहाटीकडे निघाली होती. मार्च २०२०मध्ये त्यांनाच रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. हे प्रत्येक भागात सांगत बसायची गरज नाही. पण संहिता लिहिणाऱ्याला हे ठाऊक असलं की ‘गंमत केली हो’ हे वाक्य तो सहजासहजी माफ करत नाही.

पायरी २ : माइकमागे कोण?

दोन आवाज हवेत, आणि त्यांतला किमान एक ज्याच्यावर हे प्रश्न येतात त्याचा हवा. हा शिष्टाचाराचा भाग नाही, कामाचा आहे. दोन मराठी मित्र बसून मणिपुरी माणसाविषयी कळवळ्याने बोलू लागले की कार्यक्रम कीर्तनाच्या अंगाने जातो आणि विनोद मरतो.

रचनेसाठी बाहेर बघायची गरज नाही. तमाशातली बतावणी घ्या. सरदार रुबाबात काहीतरी सांगतो, सोंगाड्या ते शब्दशः खरं मानून भाबडा प्रश्न विचारतो, आणि सरदार आपल्याच वाक्यात अडकतो. सत्ता सरदाराकडे आणि हशा सोंगाड्याकडे, ही वाटणी आपल्या विषयाला चपखल बसते. सत्यशोधक जलशांनी हाच तमाशाचा साचा घेऊन गावोगाव भटशाही आणि सावकारी यांची झाडाझडती घेतली. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशांतून तो चालवला. म्हणजे अन्यायावर हसवून बोलायची मराठीला सवय आहे, आपण ती नव्याने लावत नाही आहोत.

एकच अट. पॉडकास्टमध्ये सोंगाड्याची जागा त्या दुसऱ्या आवाजाने घ्यायची. आसामी किंवा सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) जोडीदाराला ‘पीडित’ म्हणून बसवून सगळे विनोद मराठी निवेदकानेच करायचे, असं झालं तर डाव उलटला.

पायरी ३ : प्रसंग गोळा करा

कल्पनेतून लिहू नका. खरी माणसं जी वाक्यं बोलतात ती लेखकाला सुचणं अवघड. ओळखीतून सुरुवात करा : सलूनमध्ये काम करणारे, हॉटेलातले, वसतिगृहातले विद्यार्थी, परिचारिका. भेटताना रेकॉर्डर लगेच काढू नका. पहिल्या भेटीत फक्त ऐका आणि घरी येऊन टिपण करा. दुसऱ्या भेटीत विचारून रेकॉर्ड करा.

विचारायचं काय? ‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असं विचारलंत तर ‘नाही, लोक चांगले आहेत’ असं उत्तर मिळेल. त्यापेक्षा बारीक विचारा. घर शोधताना पहिला प्रश्न कोणता आला? रिक्षात बसल्यावर कोणत्या भाषेत बोलता? ऑफिसात वाढदिवसाला तुमच्याकडून कोणता पदार्थ मागतात? सर्वांत हसू कशाचं आलं होतं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. ज्याच्यावर प्रसंग गुदरतो त्याने त्यातली गंमत आधीच शोधलेली असते, मित्रांत ती सांगून झालेली असते. तुमचं काम ती नीट ऐकण्याचं.

परवानगी लेखी घ्या आणि ती कुठल्या भाषेत समजते ते पाहा. नाव, गाव, कामाची जागा बदला. प्रश्नाचे शब्द मात्र बदलू नका, कारण सगळी किंमत त्यांचीच आहे. भाग तयार झाला की प्रसारणाआधी त्या माणसाला ऐकवा आणि ‘नको’ म्हटलं तर काढून टाका, कितीही हशा मिळणार असला तरी. आणि मानधन द्या. थोडं का होईना, पण द्या. स्वतःच्या आयुष्यातला वाईट दिवस कुणी तुम्हाला फुकट का द्यावा?

पायरी ४ : लिहा, आणि कोण हसतंय ते तपासा

सगळा कस इथे लागतो, म्हणून वेळही इथेच घाला.

तीन जुन्या युक्त्या हाताशी ठेवा. पहिली, वाक्य शब्दशः घेणं. अमेरिकन विनोदकार डिक ग्रेगरी यांनी १९६१ साली शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये गोऱ्या प्रेक्षकांपुढे नाव कमावलं. त्यांचा गाजलेला किस्सा असा : दक्षिणेतल्या हॉटेलात वाढणारी बाई सांगते, आम्ही इथे काळ्या माणसांना वाढत नाही. ते म्हणतात, चालेल, मी काळी माणसं खात नाही, मला कोंबडी आणा. (इंग्रजी ‘सर्व्ह’चे दोन अर्थ : माणसाला वाढणं आणि पदार्थ म्हणून वाढणं.) शिवी नाही, रडगाणं नाही. बाईचंच वाक्य तिच्या पानात वाढलंय. आपला सोंगाड्या हेच करतो.

दुसरी, अदलाबदल. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीवर भारतीय वंशाच्या ब्रिटिश कलाकारांनी एक प्रहसन केलं : भारतीय मित्रांचं टोळकं रात्री ‘इंग्लिश जेवायला’ जातं, वेटरच्या नावाची वाट लावतं आणि सर्वांत अळणी पदार्थ कोणता ते विचारतं. मराठीत करून पाहा : गुवाहाटीत खोली शोधणारा सदाशिव पेठेतला मुलगा, आणि त्याला ‘तुम्ही लोक फार वरण खाता म्हणे, भिंतींना वास लागतो का?’ असं विचारणारी आसामी मालकीणबाई.

तिसरी युक्ती सर्वांत अवघड, पण सर्वांत टिकाऊ : दुखावणारा माणूस चांगला दाखवणं. ती एका नमुन्यावर पाहू. प्रसंग घर बघण्याचा. इंफाळची मुलगी, पुण्यातले मूळ मालवणचे काका.

पहिला खर्डा बहुतेकांचा असा होतो : मुलगी मोडकं मराठी बोलते, काका ‘मोमो-मोमो’ करतात, लोक हसतात. हा खर्डा फाडा. हसू तिच्या उच्चारावर आलं. दुसरा खर्डा उलट्या टोकाला जातो : काका दुष्ट, तोंडाळ, दार आपटणारे. कुणालाच राग येत नाही, कारण ऐकणाऱ्या एकाही काकांना हे आपण आहोत असं वाटत नाही. तिसरा खर्डा असा लिहा :

काका : बस, बस. चहा घेणार ना? तसं आम्ही काही मानत नाही हं. फक्त तुमच्या जेवणाचा जरा वास येतो म्हणतात.
ती : येतो ना काका. जेवणच आहे ते.
काका : तसं नव्हे गं. उग्र.
ती : आत्ता येतोय तसा?
काका : छे! हा वास कुठाय, ही सुकट आहे. गावाहून आणलेली.
ती : आमची ङारी पण मासाच असते. माझीही गावाहूनच येते.
काका : पण तुमच्याकडे समुद्र कुठाय?
ती : लोकटाक तळं आहे.
काका : (आतल्या खोलीकडे) अगं, तळ्यातल्या माशाला जास्त वास येतो का गं?
काकू : (आतून) वासाचं काय घेऊन बसलात? गेल्या वर्षी सोसायटीनं आपल्यालाच नोटीस दिली होती ना!

इथे काका वाईट नाहीत. चहा विचारतात, ‘गं’ म्हणतात. मुलगी चिडत नाही, फक्त उत्तर देते. तिच्या बोलण्यात एकही चूक मुद्दाम घातलेली नाही. शेवटचा फटका काकूंकडून येतो, म्हणजे घरातून, आणि तो सांगतो की हे काका स्वतः या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला बसून आलेत. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. पण ही म्हण संहितेत घालू नका. काकूंच्या ओळीनंतर थांबा. पुढे निवेदकाने ‘तर मित्रांनो’ म्हणून अर्थ सांगितला की प्रसंगातली हवा गेली.

खर्डा झाला की एक चाचणी घ्या. ज्या समाजाविषयी लिहिलंय त्यांतल्या दोघांना आणि काकांच्या वयाच्या दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवा. दोन्हीकडची माणसं एकाच ओळीला हसली तर ठेवा. फक्त काका हसले तर ती ओळ काढा. फक्त पहिले दोघे हसले तर ओळ चांगली आहे, पण आधीची मांडणी काकांपर्यंत पोचलेली नाही, ती सुधारा.

पायरी ५ : शिवी आणि उच्चार

‘चिंकी’, ‘कालिया’, ‘हबशी’ हे शब्द कधी उच्चारायचे? प्रसंगात कुणी ते म्हटलं असेल आणि त्याशिवाय प्रसंग कळत नसेल, तर एकदा. तो शब्द पुन्हा पुन्हा आला की भाग ऐकलेली पोरं तोच शाळेत घेऊन जातात. दुसऱ्या समाजाच्या उच्चाराची नक्कल त्या समाजाचा कलाकार करत असेल तरच ठेवा. मराठी माणसाच्या हिंदी-इंग्रजीची नक्कल मात्र मनसोक्त करा, ते रान आपलंच आहे.

रंगावरचे विनोद हा मोठा सापळा. २०१६ साली अभिनेत्री तनिष्ठा चटर्जी एका टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचं चित्रीकरण अर्धवट सोडून निघून गेल्या, कारण त्यांच्या सावळ्या रंगाखेरीज लेखकांना दुसरा विषयच सुचला नव्हता. आयोजकांना ती खेळीमेळी वाटत होती. तुमच्या टेबलावर ‘खेळीमेळी’ हा शब्द निघाला की संहिता पुन्हा वाचा.

पायरी ६ : पहिल्या हंगामाचे विषय

सहा भाग पुरेत. घर, रिक्षा, ऑफिस हे तीन सोपे. चौथा रंगावर करा. ‘फेअर अँड लव्हली’ भारतात १९७५मध्ये आली आणि २०२०मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळं निवडायची चाळणी काढून टाकली. पण ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द कांदेपोह्यांच्या बैठकीतून कुठे गेले? भाग त्या बैठकीत घडवा.

पाचवा भाग महाराष्ट्राच्या आफ्रिकी इतिहासावर हवाच. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१०च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजेच पुढचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. १६२६मध्ये तो गेला. मुरुड-जंजिऱ्यावर सिद्दींचं राज्य थेट १९४८पर्यंत होतं. जंजिऱ्याला सहलीला जाऊन तटावर फोटो काढणारं आणि परतीच्या गाडीत आफ्रिकी प्रवाशापासून बॅग सरकवून घेणारं कुटुंब हा अख्खा भाग आहे.

सहावा भाग परदेशातल्या मराठी माणसाचा. १९८७ साली न्यू जर्सीच्या जर्सी सिटीत भारतीयांना धमकावणारी एक टोळी निघाली होती, बायकांच्या टिकलीवरून तिने स्वतःचं नाव ठेवलं होतं. त्या काळात तिथे राहिलेल्या कुटुंबांकडे आठवणी आहेत. त्याच घरांत पुढे ‘मुलगी कुणालाही करू दे, पण काळा नको’ असंही म्हटलं गेलं. दोन्ही एकाच भागात आणा. हा भाग मंडळाच्या गणपतीत बसवला तर गोष्ट आपोआप हलते.

पायरी ७ : रेकॉर्डिंग

स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसा, मागे दोरीवर गोधड्या टाका. पंखा आणि फ्रिज बंद. शेजारचा कुकर आणि पाण्याच्या टाकीची मोटर यांच्या वेळा पाहून ठेवा. प्रत्येकाला वेगळा डायनॅमिक माइक, तोंडापासून साधारण चार-पाच बोटं, जरा तिरका. खोलीचा आवाज कमी पकडणारा हा प्रकार आपल्या घरांना बरा पडतो. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झला, आणि प्रत्येक आवाज स्वतंत्र ट्रॅकवर. सर्वांत मोठा हशा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढी पातळी ठेवा.

संहिता पाठ करू नका, मुद्दे समोर ठेवा. नाट्यप्रवेश तेवढे वाचून करा, तेही उभं राहून.

पायरी ८ : संकलन

ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेशी आहे. ‘अं’, ‘म्हणजे’ कापताना हात आखडता घ्या. विशेषतः अवघड प्रश्नानंतरची शांतता कापू नका. ‘तू मूळची कुठली?’, ‘इंफाळ’, ‘नाही, पण मूळची?’ यानंतर जोडीदार दीड सेकंद गप्प राहतो. ते दीड सेकंद संकलनाच्या यंत्राला रिकामे वाटतात आणि आपोआप पुसले जातात, म्हणून ‘शांतता काढा’ ही सोय या कार्यक्रमासाठी वापरूच नका. साठवलेला हशा तर अजिबात नको; कुठे हसायचं हे ऐकणाऱ्याचं त्याला ठरवू द्या.

शेवटी आवाजाची सरासरी पातळी स्टीरिओला उणे १६ आणि मोनोला उणे १९ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणा, एमपी३ काढा. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. भागाची लांबी पंचवीस मिनिटांच्या आसपास ठेवा.

पायरी ९ : कायदा

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तुमच्याशी संबंधित कलमं तीन : गटागटांत वैर वाढवणं (१९६), धार्मिक भावना दुखावणं (२९९) आणि बदनामी (३५६). जातीच्या भागासाठी १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचलेला हवा. घरमालक, सोसायटी, कंपनी यांची नावं घेऊ नका, ओळखू येतील असे तपशीलही बदला. कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाची धमकी दिली तर घाबरू नका; पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाल्यानंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये ते रद्द केलं.

तरी सावध राहा. मुनव्वर फारुकी या विनोदकाराला १ जानेवारी २०२१ला इंदूरमध्ये कार्यक्रमातून अटक झाली आणि जामीन मिळायला फेब्रुवारी उजाडला. म्हणून प्रत्येक भागाची अंतिम संहिता, मूळ रेकॉर्डिंग आणि परवानगीपत्रं तारखेसह जपून ठेवा, आणि पहिला भाग टाकण्याआधी एका वकिलाशी ओळख करून ठेवा.

पायरी १० : भाग बाहेर पडल्यावर

एका होस्टिंग सेवेवर भाग चढवला की आरएसएस फीडने (नवा भाग ॲपना आपोआप कळवणाऱ्या दुव्याने) तो बाकी ॲपवर पोचतो, त्यात वेळ घालवू नका. वेळ लागतो तो प्रतिक्रियांना. पहिल्या आठवड्यात दोन प्रकार येतील. एक, शिव्या, त्यांचं उत्तर देऊ नका, पण धमकी असेल तर स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांकडे जा. दोन, ‘आम्हालाही दिल्लीत घाटी म्हणतात, त्याचं काय?’ अशा तक्रारी. या दुसऱ्या माणसाला झिडकारू नका. त्याच्याकडे खरा प्रसंग असतो, आणि त्या काकांसारखाच तो टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असतो. त्याला फोन करा, पायरी ३मधले प्रश्न विचारा.

जोडीदाराचं आणि पाहुण्यांचं रक्षण हे निर्मात्याचं काम. प्रतिक्रिया आधी तुम्ही वाचा, त्यांना त्यांतल्या निवडकच पाठवा. त्यांचा फोटो, कामाची जागा, राहता भाग कुठेही टाकू नका, त्यांनी उत्साहात स्वतः दिला तरी एक रात्र थांबून पुन्हा विचारा. आणि पहिल्या भागाचे पैसे, जाहिरातीचे असोत वा वर्गणीचे, आले की जोडीदाराचा वाटा त्याच आठवड्यात द्या, हिशेबाच्या कागदासह.